रत्नागिरीला पाणी नेणारे मालक

खोली भाड्यानं देण्यापूर्वी मालकांनी मला पगार विचारला नाही, लग्न झालंय का विचारलं नाही, आडनावावरून उलटतपासणीही केली नाही. पाण्याचा तांब्या आणि फुलपात्र पुढ्यात सरकवलं आणि "घ्या" म्हणाले. उन्हातून आलो होतो. मी फुलपात्र काठोकाठ भरलं, निम्मं प्यालो आणि उरलेलं पाणी सवयीनं खिडकीबाहेर फेकायला हात उचलला. मालकांनी माझं मनगट धरलं.

"पाव्हणं कुटलं म्हणायचं?"

"नाशिकचा."

"मंग तुमचा दोष न्हाय," असं म्हणून त्यांनी फुलपात्र माझ्या हातातून काढून घेतलं आणि ते पाणी दारातल्या गवती चहाच्या कुंडीत ओतलं. मग पुढचा प्रश्न आला. "दात घासताना नळ चालू ठिवतासा का बंद?" मी धडधडीत खोटं बोललो आणि मला खोली मिळाली.

बँकेनं मला सोलापूरला पाठवलं तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. नंतर बदलीची संधी आली तेव्हा मीच ती टाळली, आणि त्याला कारण बँक नव्हती. शुक्रवार पेठेतल्या त्या घरात खाली मालक एकटे आणि वर मी एकटा. "मालक" हे माझंच म्हणणं नव्हे, सगळी गल्ली त्यांना तेच म्हणायची. मला मात्र ते शेवटपर्यंत पाहुणा समजत. भाडेकरू हा शब्द त्यांना आवडत नसे. भाडं मात्र वेळेवर आवडायचं.

त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. ते पुतण्याच्या हवाली केलं, पण दुकानातली निम्मी भांडी घरी आणून ठेवली आणि ती सगळी कायम भरलेली असत. हंडे, कळश्या, पिंपं, पातेली. एकदा मी इडलीपात्रातही पाणी भरून ठेवलेलं पाहिलंय. आमच्या गल्लीत नळाला पाणी रोज येत नसे. चार दिवसांनी यायचं, लहर लागली तर पाच. मालकांचं कॅलेंडर त्यावर चालायचं. सोमवार-मंगळवाराशी त्यांचा संबंध नव्हता. "तुमी राहायला आलासा ते पाण्याच्या दुसऱ्या दिवशी," असं ते सांगत. पाण्याच्या दिवशी कुणाचं लग्न निघालं तर आहेर आदल्या दिवशीच पोचवून येत.

मूळचे ते मैंदर्गीचे. घरात कानडी, गल्लीत मराठी, शेजारच्या विणकर बाईंशी तेलुगूसारखं काहीतरी आणि समोरच्या स्कूटर मेकॅनिकशी हिंदीसारखं काहीतरी बोलत. पाणी आल्याचं गल्लीत पहिल्यांदा त्यांना कळायचं. मग ते या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक दारावर थाप मारत जायचे. "नीरु बंतु" म्हणजे पाणी आलं, एवढी कानडी मी पहिल्याच आठवड्यात शिकलो. लोक झोपमोड झाली म्हणून कुरकुर करायचे आणि मुकाट्यानं हंडे लावायचे.

पण त्यांचा खरा उद्योग टाक्यांचा होता. कुणाच्या गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली की मालकांना ते चालत्या रिक्षातूनही ऐकू यायचं. ते रिक्षा थांबवून त्या घरात जात. घर ओळखीचं असलंच पाहिजे अशी त्यांची अट नव्हती. एकदा एका डॉक्टरांच्या बंगल्यात शिरून, कुत्र्याला न जुमानता, त्यांनी मोटरचं बटण स्वतःच्या हातानं बंद केलं. डॉक्टर पोलिसांना फोन लावायच्या बेतात होते. शेवटी त्यांनी मालकांना बसवून त्यांची साखर तपासली.

त्या तपासणीतून त्यांचं पळणं निघालं. साखर भरपूर निघाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, रोज तासभर चाला. मालकांनी घरी येऊन हिशोब केला. "तासभर चालत बसलो तर घरातली कामं कुणी करायची? तेवडंच अंतर पळत जातो. लौकर मोकळा." वय तेव्हा पासष्टीच्या अलीकडे-पलीकडे. दुसऱ्या दिवसापासून ते पळायला लागले आणि त्यांनी मलाही उठवलं. "वर एकटं पडून काय करतासा?" असं त्यांनी विचारल्यावर मी बूट शोधायला लागलो.

त्यांचा पळण्याचा पोशाख म्हणजे पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, पँट, पट्टा आणि खिशाला पेन. पायात कॅनव्हासचे बूट. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ताजे ओढलेले. मी एकदा हाफ पँट सुचवून पाहिली. "रस्त्यात कुणी भेटलं म्हंजे? चड्डीवर काय बोलायचं त्याच्यासंगं?" आणि रस्त्यात रोज कुणीतरी भेटायचंच. मालक थांबायचे, त्याच्या घरच्या सगळ्यांची चौकशी करायचे आणि पुन्हा पळायला लागायचे. मी तोवर जागच्या जागी उड्या मारत उभा. बाकीची पळणारी मंडळी उन्हाच्या आत घरी पोचायची. मालक ऊन चढल्यावर निघायचे. ऊन असलं की माणूस रमत बसत नाही, सरळ घरी येतो, असं त्यांचं शास्त्र होतं. मी त्यांना तुमच्याएवढं रमणारा माणूस मी पाहिला नाही असं सांगितलं, तर म्हणाले, "मंग बिनउन्हाचा किती रमलो असतो बगा."

पुढं एका पाण्याच्या दिवशी ते भरलेली घागर घेऊन जिना चढताना घसरले. त्या दिवशी पाणी भरदुपारी आलं होतं आणि मी बँकेत होतो. गल्लीत नळ आले होते आणि दारावर थाप मात्र पडली नव्हती, म्हणून शेजारच्या विणकर बाई बघायला आल्या. मालक पायरीवर बसले होते. मनगट मोडलं होतं आणि ते घागरीला पोचा आला म्हणून हळहळत होते.

त्यांची मुलगी रत्नागिरीला सरकारी दवाखान्यात नर्स होती. जावई बोटीवर, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. मुलीला मालक "अव्वा" म्हणत, म्हणजे आई, आणि तिच्यापुढे त्यांचं फारसं चालत नसे. ती मिळेल त्या गाडीनं आली. प्लॅस्टर बघितलं, जिना बघितला, भरलेली पिंपं बघितली.

"अप्पा, हे घर आता बंद करायचं. माझ्याकडं चलायचं."

"शेजारच्या बाई आल्या की लगेच."

"त्या दिवशी आल्या. उद्या नाही आल्या तर? तुम्ही एकटे पडून राहिलात तर कुणाला कळणार? मी रोज असली माणसं बघते की दवाखान्यात."

 ती भांडी घासायला आत गेल्यावर मालक मला हळूच म्हणाले, "तिच्याकडं नळाला रोज पाणी येतंय. दिसभर येतंय. तितं माझं काय काम हाय, तुमीच सांगा." त्यांच्या तोंडावर मी भीती पहिल्यांदा पाहिली ती तेव्हा. मरणाची ती नव्हती. बिनकामाचं होण्याची होती.

मालक तयार होईनात आणि मुलगी हटेना. जाण्याच्या दिवशी ती वैतागून म्हणाली, "एवढा धडधाकट आहे म्हणताय, तर आमच्याकडं दर पावसाळ्यात शर्यत असते, एकवीस किलोमीटरची. हात बरा झाला की ती पळून दाखवा. तिकडच्या पावसात. तीन तासांच्या आत आलात तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही आलात तर सामान बांधायचं." तिला वाटलं होतं म्हातारा माघार घेईल. मालकांनी धड असलेला हात पुढे केला आणि म्हणाले, "दिला शब्द."

झालं. आता सोलापुरात पावसाचा सराव करायचा कुठं? आभाळ येतं, थोडं थांबतं आणि पुढं जातं. मालकांनी त्यावर तोड काढली. ते कपड्यांसकट मोठ्या परातीत बसायचे आणि मी त्यांच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतायचो. मग परातीतलं पाणी गवती चहाला, आणि ओलेचिंब मालक, विभूतीचे पट्टे पुन्हा ओढून, गावातल्या तळ्याच्या दिशेनं. बघणाऱ्यांना वाटायचं म्हातारा कुठंतरी पडला आणि आता घरी पळतोय. दोघातिघांनी स्कूटर थांबवून मला विचारलंही. मालक मात्र प्रत्येकाला थांबून सगळी पैज सांगायचे, मुलीच्या अटीसकट. महिन्याभरात अर्ध्या सोलापूरला ठाऊक झालं की मालकांचं घर रत्नागिरीच्या रस्त्यावर पणाला लागलंय.

निघायच्या दिवशी ते एसटी स्टँडवर दोन मोठे कॅन घेऊन उभे होते. कंडक्टरनं विचारलं, काय आहे. "पाणी," मालक म्हणाले.

"काका, रत्नागिरीला पाणी नेताय? ऑगस्टात?"

"नव्या गावचं पाणी बादतंय. पळायचं हाय मला."

कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. कॅन सीटखाली गेले आणि मंगळवेढा, सांगली करत आम्ही निघालो. कोल्हापूर सोडलं आणि पाऊस सुरू झाला तो थांबलाच नाही. घाटात तर रस्त्याच्या कडेला जागोजाग डोंगरावरून पाणी कोसळत होतं, गटारं भरून रस्त्यावर येत होतं, आणि गाडीतलं एकही माणूस मान वळवून बघत नव्हतं. मालकांनी काच पुसून पुसून बघितलं. बऱ्याच वेळानं त्यांनी कंडक्टरला विचारलं, "हे समदं जातंय कुटं?"

"समुद्रात, काका."

त्यावर ते रत्नागिरी येईपर्यंत बोलले नाहीत. त्यांचं इतकं लांब मौन मी तेव्हाच अनुभवलं आणि मला ते सोसवेना.

मुलीनं आमचं सगळं व्यवस्थित केलं. दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या, एक बाल्कनी, आणि तिनं वडलांसाठी नवी कॉट आधीच आणून ठेवली होती. तिच्यावर सोलापुरी चादर घातलेली. मालकांनी कॉट बघितली आणि खाली सतरंजीवर बसले. जेवताना ती मला म्हणाली, "दादा, तुम्हाला वाटत असेल मी हट्टी आहे. पण ड्यूटीवरून आल्यावर कुलूप मीच काढते, रोज." मी मान डोलावली. त्या घरात मला दोघांचीही बाजू पटत होती, आणि अशा वेळी माणसानं जेवणाकडे लक्ष द्यावं हे बरं.

सकाळी शर्यत सुटली तेव्हा समोरचा माणूस दिसत नव्हता असा पाऊस. सगळी तरुण मंडळी झुळझुळीत कपड्यांत आणि त्यांच्यात एक पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट, पट्टा, पेन. कॅनमधलं पाणी मी छोट्या बाटल्यांत भरून कमरेला बांधलं होतं, कारण मालकांनी वाटेतल्या टेबलांवरचं पाणी प्यायचं नाही ठरवलं होतं. पहिल्याच चढावर त्यांची विभूती वाहून गेली. खिशातला विभूतीचा खडा काढला तर त्याचा चिखल झाला होता. "जाऊ द्या," म्हणाले, "देवाला ठाऊक हाय मी कोन हाय."

आणि पळाले मात्र सुरेख. सोलापूरच्या उन्हात पळालेला माणूस त्या गारव्यात मोकळा सुटला होता. अंगणांभोवतीचे जांभ्या दगडाचे गडगे, नारळी, लाल पाण्याचे ओहोळ, खाडीवरचा पूल, सगळं मागं पडत गेलं. ते पुढं, मी धापा टाकत मागं. वाटेत त्यांनी दोघा मुलांना त्यांची गावं विचारली आणि एका बाईंना नवऱ्याचा धंदा, पण थांबले कुठंच नाहीत. परतीच्या खुणेला वळसा घातला तेव्हा मी घड्याळ बघितलं. हातात चांगला वेळ होता. याच चालीनं गेलो तर शुक्रवार पेठेतलं घर शाबूत होतं. मी तसं ओरडून सांगितलं. मालकांनी मागं न बघता हात वर केला.

शेवटचा मोठा उतार लागण्याआधी एका घरापाशी ते थबकले.

"ऐका," म्हणाले.

"पाऊस आहे, मालक. चला."

"पाऊस न्हवं. टाकी वाहतीया."

मी वर बघितलं. गच्चीवरून पाण्याची जाड धार भिंतीवर पडत होती. आजूबाजूला सगळ्या जगावर पाणी पडत होतं. कौलांवरून, झाडांवरून, आमच्या नाकावरून. त्यात ती एक धार. मला हसावं की रडावं कळेना, आणि मग मला खरोखर राग आला. मी त्यांचा दंड धरला. "मालक, पाणी आभाळातून पडतंय. इथं कुणाला कशाची टंचाई नाही. तुमचं घर जाईल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पावसानं चष्मा भरला होता, तो काढून त्यांनी हातात घेतला. "मला कळतंय की," ते म्हणाले आणि फाटक उघडून आत गेले.

बराच वेळ बेल वाजवल्यावर गाऊनवर टॉवेल घेतलेल्या एक बाई बाहेर आल्या. मालकांनी हात जोडले. "सोलापूरचा हाय मी. टाकी भरली तुमची. मोटर बंद करा."

बाईंना आधी काही उमजेना. मग त्या म्हणाल्या, "अहो काका, एवढा पाऊस कोसळतोय, त्यात आमचं पाणी कुणाला दिसतंय?"

"मला दिसतंय की."

बटण मागच्या पडवीत विहिरीपाशी होतं आणि ओलसरपणानं अडकून बसलं होतं. बाईंना शॉक लागेल म्हणून मालकांनी त्यांना हात लावू दिला नाही. मग घरातला मुख्य खटका शोधला, तो पाडला, तेव्हा कुठं मोटर थांबली. धार बारीक होत होत थांबेपर्यंत मालक वर बघत उभे राहिले. त्यानंतर बाईंनी चहा विचारला, तो मात्र त्यांनी माझा चेहरा बघून नाकारला.

थांबल्यामुळे त्यांचे पाय आखडले. उतारावर गुडघा बोलायला लागला आणि पळण्याचं चालणं झालं. शर्यतीची शेवटची गाडी आमच्या शेजारून आली. तिच्यातल्या मुलानं खिडकीतून सांगितलं की वेळ संपली, आता बसा गाडीत. मालक म्हणाले, "आलोय तर पोचतो की." गाडी आमच्या मागून हळूहळू येत राहिली.  मला त्यांचं घर दिसत होतं, ती पिंपं, दारातला गवती चहा, आणि वर माझी खोली.

पोचलो तेव्हा कमान उतरवत होते. मुलगी रेनकोट घालून कडेला उभी होती, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला मोबाइल. मालक तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. शर्ट अंगाला चिकटलेला, कपाळ मोकळं. मला ते एकदम लहान दिसले.

"हरलो, अव्वा," ते म्हणाले. "सामान बांधायला एक डाव जाऊन येतो. दिला शब्द तो दिला."

"एवढा उशीर कसा झाला?" तिनं मला विचारलं. मी सांगितलं. टाकी, फाटक, बाई, खटका. सांगताना माझा आवाज चढला होता. ती ऐकत होती आणि तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला.

"हो, आले. आत्ताच. हो, सुखरूप." तिनं फोन ठेवला. तो लगेच पुन्हा वाजला. पलीकडचा आवाज मी ओळखला, समोरचा मेकॅनिक होता. "पौंचे क्या मालक? हौ? अल्ला का शुकर, बहेन." तिनं तोही ठेवला आणि वडलांकडे बघत राहिली.

"सकाळपासून हेच चाललंय, अप्पा. तुमच्या विणकर बाईंनी तीनदा फोन केला, 'मालक आला का, मालक आला का.' मोहोळहून कुणी एक बोलत होते. म्हणाले, माझ्या लग्नाच्या मांडवात शिरून त्यांनी टाकी बंद केली होती, ते पोचले का. माझा नंबर त्यांना दिला कुणी?"

"पुतण्याकडं दिला व्हता, लागला तर असू दे म्हनून," मालक पुटपुटले.

"मी कुणाकुणाला उत्तरं देऊ?" ती म्हणाली. तिनं रेनकोटची टोपी पुढं ओढली. ती नर्स होती, माणसांसमोर रडायची तिला सवय नव्हती. "मला वाटायचं तुम्ही तिकडं एकटे पडलाय. रात्री झोप लागायची नाही मला त्या विचारानं. आणि इथं तीन तास हा फोन बंद झाला नाही. एकटी मी आहे, अप्पा. तुम्ही नाही."

 पाऊस कमानीच्या उरलेल्या कापडावर पडत होता. मग तिनं रेनकोटच्या बाहीनं वडलांचं कपाळ पुसलं, जिथं पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं. "जावा तुम्ही परत. हरलात तरी जावा. मी विषय काढणार नाही."

 जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून बोलणारा हा माणूस मुलीच्या हाताकडे नुसता बघत उभा राहिला. तेवढ्यात फोन परत वाजला. या वेळी तिनं पिशवीसकट तो त्यांच्या हातात दिला.

"व्हय, मीच," ते म्हणाले. "हरलो की. व्हय, हरलो. न्हाय, हितं न्हाय राहत. परवा येतोय घरला." मग थोडं थांबून, घसा खाकरून म्हणाले, "अव्वा बी येतीया संगं. किती दिस? थांबा, इचारतो."

फोन कानाला तसाच धरून त्यांनी मुलीकडे बघितलं. तिच्या रजेचा विषय तोवर कुणी काढलेलाच नव्हता. तिनं नाक पुसलं आणि मनातल्या मनात कसला तरी हिशोब केला.

"आठ सांगा," ती म्हणाली.